दौलतबाबूंचे चार सेल

दौलतबाबू अंभोरे गुरुवारी सकाळी वारले. संध्याकाळी माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. रेडिओ लागला नाही. बातम्यांची वेळ गेली तशी माणसं उठून आपापल्या घरी गेली.

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. बाबूंविषयी काही सांगायचं तर सुरुवात सेलपासून करावी लागते, आणि गेलेल्या माणसाची आठवण रेडिओच्या सेलपासून सुरू करणं मला बरं दिसेना. दुसऱ्या दोन-तीन सुरुवाती करून पाहिल्या. त्या खोट्या वाटल्या. तेव्हा सेलच.

आपण सेल संपला की काढून फेकतो आणि नवा घालतो. बाबूंच्या घरी सेल संपत नसे. त्याची बदली होत असे. बाबूंची सारी नोकरी तालुक्याच्या कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर गेली होती. कोण कुठून कुठे जाणार, कोण रजेवर, कोणाची पेन्शन अडली, याचे कागद त्यांनी उभा जन्म टाइप केले. मुदतीच्या आधीच निवृत्ती घेऊन ते कामरगावला आपल्या घरी येऊन राहिले, तेव्हा बदली करायला माणसं उरली नव्हती. पुढे रेडिओ आला, तेव्हा त्याचे चार सेल होते. त्यांनी त्यांचीच आस्थापना उभी केली.

नव्या सेलची पहिली नेमणूक रेडिओत. रेडिओ म्हणजे चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर, त्याच्या पाठीत चार मोठे सेल बसत. तिथे सेल थकला की त्याची बदली हातबॅटरीत. 'फिल्ड ड्यूटी,' बाबू म्हणत. रेडिओनं पिळून घेतलेले ते सेल बॅटरीत जेमतेम पिवळा उजेड द्यायचे. गुलाबराव हॉटेलवाला म्हणायचा, "बाबूची बॅटरी लागली हाय का नाई, हे पाहाले दुसरी बॅटरी आनावं लागते." बॅटरीतूनही मोकळा झालेला सेल दोन दिवस छपराच्या टिनावर उन्हात पडे. ही वैद्यकीय रजा. रजेहून परत आल्यावर त्याची शेवटची, मानाची नेमणूक घरातल्या बुद्धाच्या तसबिरीपुढच्या चिमुकल्या बल्बवर. तो बल्ब पौर्णिमेलाच लागे, तोही थोडा वेळ. म्हाताऱ्या सेलला झेपेल एवढंच काम.

प्रत्येक बदलीचा आदेश तोंडी निघे, पण पूर्ण.

"क्रमांक तीन. रेडिओतून कार्यमुक्त. बॅटरीत रुजू व्हावं. प्रवासभत्ता नाई."

आणि मग ते तो सेल सदऱ्याच्या टोकानं पुसून खरंच नव्या जागी रुजू करत. हसू यायचं. पण ते हसत नसत, म्हणून आपणही ओठ आवळून बसायचं.

मी शाळेत मास्तर म्हणून कामरगावला आलो तो त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहिलो. मधे एक कुडाची भिंत. पहिल्याच दिवशी मी विचारायला गेलो की पिण्याचं पाणी कोणत्या विहिरीवरून आणायचं. ते ओट्यावर बसले होते. अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन, कचेरीत बसल्यासारखे ताठ. माझ्या तोंडाकडे त्यांनी नीट पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "लेखी द्या."

मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. विहीर कुठली, हा प्रश्न मी त्यांनी पुढे केलेल्या पाटीवर लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, खाली 'हरकत नाही' असा शेरा मारला, आणि मग उठून मला थेट विहिरीपर्यंत पोचवून आले. वाटेत बोलत होते ते सगळं आपणच. विहिरीचा इतिहास, ती खोदताना कोणाचा पाय मोडला, पाणी कोणत्या महिन्यात गढूळ होतं. मी मधे दोन-चार प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर मिळालं नाही. कचेरीतला माणूस, समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नसणारच, असं मी धरून चाललो.

'लेखी द्या' हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोरं त्यांच्या मागे तसंच म्हणत जायची. गुलाबराव कपात चहा ओतता ओतता ओरडायचा, "बाबू, साखर कमी का जास्त? थांबा, लेखी देतो." यातून सूट एकाच व्यक्तीला होती. समोरच्या घरातली अंजनामाय. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. ती त्यांच्या अगदी समोर येऊन, कंबरेवर हात ठेवून, एकेक शब्द दगड मांडल्यासारखा मांडायची.

"बाबू. आज. जेवले. का."

"जेवलो माय. वांग्याची भाजी केली होती. कच्ची राह्यली."

"मंग मले काहून नाई सांगितलं? मी देल्ली असती."

"तुमी देता ते जास्त शिजते."

अंजनामाय निरक्षर म्हणून तिला सवलत आहे, असं आम्ही समजत होतो.

आता रेडिओविषयी. तो त्यांनी घेतला त्यांची बायको गेल्यावर. मुलगी सुमन रिठदला दिलेली, घरात दुसरं कोणी नाही. "घरात आवाज पायजे," ते मला एकदा म्हणाले होते, "आवाज असला का मानूस येते." आणि माणूस येत होता. संध्याकाळच्या बातम्यांच्या थोडं आधी ओट्यावर सतरंजी पडायची. मधे स्टुलावर रेडिओ. त्याच्या काट्याजवळ आणि आवाजाच्या बटणावर बाबूंनी लाल रंगाचे ठिपके दिलेले. ठिपक्याला ठिपका लावला की नागपूर लागलंच पाहिजे, असा त्यांचा हुकूम. कधीकधी नागपूरऐवजी नुसती खरखर लागायची. बाबू शांत बसलेले असायचे. मग कोणीतरी पुढे होऊन काटा जरा सरकवायचा आणि बाबू उदारपणे म्हणायचे, "लावा, तुमी लावा. तरुण मानसं."

बातम्या सुरू झाल्या की एक अक्षर बोलायचं नाही. बाबू उजव्या हाताचा तळवा रेडिओच्या तोंडावरच्या जाळीच्या कापडावर ठेवून बसायचे. वैद्य नाडी पाहतो तसे. डोळे मात्र आमच्यावर. एकेकावरून दुसऱ्यावर, ओळीनं.

"हे काय पाहता बाबू?" मी एकदा पाटीवर लिहून विचारलं.

"सेल पाहून राह्यलो," ते म्हणाले.

"आमच्या तोंडावर?"

"मंग कुठी? सेल बोलत नाई मास्तर. मानूस बोलते. तुमी ताठ बसले का सेल ताठ. हनुवटी पुढी आली का सेल थकला. मानूस कंबरेतून वाकला, कानामागी हात गेला, का बदलीचा आदेश. रेडिओ उघडून पाहाची गरजच नाई."

हा शोध मला फार आवडला. सेल किती उरला हे पाहायला त्यांनी साधन म्हणून सगळं गाव वापरलं होतं. त्यांच्यासारखं कोणी समोरच्या माणसाकडे पाहत असेल असं मला वाटत नाही. कोणाच्या घरी भांडण झालं, कोण उपाशी आलं, कोणाला बसल्या जागी ताप चढतोय, हे त्यांना बातम्यांच्या वेळात कळायचं. बातम्या संपल्या की ते नेमके त्याच माणसाला थांबवून घ्यायचे.

अर्थात साधनही चुकतं. एका हिवाळ्यात गुलाबरावची कंबर धरली. तो काटकोनात ओट्यावर आला आणि तसाच बसला. बाबूंनी एक नजर टाकली, उठले, आणि आठ दिवसही न झालेले चार सेल काढून नवे घातले. रेडिओ आधी जेवढा खणखणीत होता तेवढाच खणखणीत राहिला. गुलाबरावही जसा होता तसाच वाकलेला. बाबू त्याच्याकडे पाहत राहिले, रेडिओकडे पाहत राहिले, आणि नव्या सेलकडे त्यांनी अशा संशयानं पाहिलं की ओट्यावर कोणाला हसू आवरेना. ते का हसताहेत हे त्यांना कळलं नाही. मग अंजनामायनं समोर जाऊन गुलाबरावच्या कंबरेवर बुक्की मारून दाखवली, तेव्हा कळलं.

"आधी सांगाचं ना," बाबू गुलाबरावला म्हणाले. "सेलची उगाच बदली झाली."

"सांगतच आलो ना बॉ घरापासून, 'मेलो, मेलो' करत."

"लेखी द्याचं होतं."

बातम्या संपल्या की बाबू म्हणायचे, "मास्तर, फळा." ओट्याच्या भिंतीला एक फळा टांगलेला होता. त्यावर मी त्या दिवशीच्या बातम्या चार-सहा ओळींत लिहायच्या, असं माझ्या अक्षराकडे पाहून ठरलं होतं. जे आले नाहीत त्यांना वाचता याव्या म्हणून, असं कारण सांगितलं होतं. ते जवळ उभे राहून, ओळीखाली बोट फिरवत वाचायचे, आणि मग खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. कुठल्या मंत्र्याचं खातं का बदललं असेल यावर त्यांचं भाषण. बदल्यांमधलं त्यांचं ज्ञान पक्कं होतं. "खातं गेलं म्हंजी मानूस गेला असं नसते. वरच्याले तो जवळ नको, दूरही नको. मंग असंच करतात." गाव मान डोलावत ऐकायचं.

फळ्यावर जे नसेल ते बाबूंच्या लेखी घडलेलंच नसे. एकदा मी घाईत एक बातमी लिहायची विसरलो. आमच्याच भागातल्या पुलाविषयी होती. दुसऱ्या दिवशी कोणी त्या पुलाचा विषय काढला तर बाबू कोरेच. "कोनता पूल?"

"काल बातमीत नाई का सांगितलं? तुमी तर रेडिओवर हात ठेवून बसले होते."

"फळ्यावर हाय का?"

"नाई."

"मंग आपल्यासाठी पूल झाला नाई."

कचेरीचा नियम म्हणून सगळे हसले. मीही हसलो.

आणि हा फळा कशानं काळा व्हायचा, तेही सांगतो. सेलच्या सगळ्या नेमणुका संपल्या, तसबिरीपुढचा बल्बही मिणमिणेना झाला, की त्याला पेन्शन. बाबू तो दगडावर ठेवून ठेचत, आतली काळी भुकटी काढत, धोत्र्याच्या पाल्याच्या रसात कालवत आणि फळ्याला त्याचा हात देत. "नोकरी गेली म्हनून मानूस कामाचा नाई असं थोडीच हाय," ते म्हणत. दर दिवाळीआधी फळा असा नवा व्हायचा. बोटं चार दिवस काळी राहायची. त्यांना त्याचा अभिमान असे.

त्या ओट्याविषयी एक गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं अर्धवट राहील. बाबूंचं घर आमच्या बौद्ध वस्तीत होतं. मीही त्याच वस्तीतला भाडेकरू, त्याच समाजातला. रेडिओ येण्याआधी गावातल्या सगळ्या आळ्यांची माणसं त्या ओट्यावर बसत नसत. कोणी तसं म्हणत नव्हतं, पण बसत नसत. रेडिओ आल्यावर आधी ती रस्त्यावर उभी राहून ऐकू लागली. मग ओट्याच्या कडेला टेकू लागली. मग सतरंजीवर आली. गुलाबराव आमच्याकडचं पाणी मागायला एक आख्खा पावसाळा थांबला. ज्या दिवशी त्यानं मागितलं त्या दिवशी बाबूंनी तांब्या स्वतः आणून दिला आणि काहीच बोलले नाहीत. एरवी ते तांब्याचाही इतिहास सांगत.

म्हणून, पुढे जे झालं ते बाबूंना किती लागलं असेल ते मला कळत होतं.

गावात वीज आली. बसथांब्याजवळ गुलाबरावच्या हॉटेलात तार गेली, आणि त्यानं विजेवर चालणारा एक मोठा रेडिओ आणला. लाकडी पेटीचा, भिंतीवर फळी ठोकून त्यावर ठेवलेला. आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत. वर आलुबोंडा. माणसं तिकडे वळली. त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता. वाटेत हॉटेल लागायचं, एवढंच.

गुलाबराव एकदा मुद्दाम ओट्यावर येऊन म्हणाला, अगदी बाबूंच्या तोंडासमोर उभा राहून, "बाबू, माह्या रेडिओले सेल लागत नाई."

बाबूंना ते बरोबर समजलं. "म्हनूनच त्याले कदर नाई," ते म्हणाले. "लाइन गेली का त्याचं तोंड बंद. माहे चौघं हायेत. एक थकला तर तिघं वढून नेतात."

पण ओट्यावर आता मी आणि अंजनामाय, कधी दोन पोरं. बाबू सतरंजी पूर्वीएवढीच अंथरत. ती मोठी दिसे. सेलच्या बदल्या त्यांनी लवकर लवकर सुरू केल्या. अंजनामाय जरा खोकण्यासाठी वाकली तरी नवे सेल. मला वाटायचं, आवाज मोठा राहिला तर माणसं परत येतील असा त्यांचा हिशेब आहे. संध्याकाळी ते रस्त्याकडे तोंड करून बसायचे, आणि लांबून कोणी येताना दिसला की सतरंजीची सुरकुती नीट करायचे. तो माणूस हॉटेलाकडे वळायचा. ते सुरकुती परत नीट करायचे.

आणि मग कापसाचा भाव जाहीर होणार होता त्या संध्याकाळी गावातली वीज गेली.

वादळात कुठेतरी तार तुटली होती. वीज येण्याचं चिन्ह नव्हतं. भाव आज सांगणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेळ जवळ आली तशी हॉटेलातून माणसं निघाली आणि एकेक करत बाबूंच्या ओट्यावर आली. सतरंजी भरली, पायऱ्या भरल्या, काहीजण रस्त्यावर उकिडवे बसले. सगळ्यात शेवटी गुलाबराव आला. बाबूंनी त्याच्याकडे बघून एकच वाक्य म्हटलं.

"लाइन गेली वाटते."

"लेखी देऊ का?" गुलाबराव म्हणाला, आणि पुढे येऊन बसला.

बाबूंच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद नंतर कधी पाहिला नाही. एवढ्या माणसांसमोर जुने सेल कसे चालतील? त्यांनी नवे चार आणले. सगळ्यांच्या देखत रेडिओची पाठ उघडली, चौघांना आदेश वाचून कार्यमुक्त केलं, नवे चौघे पुसून रुजू केले. हात घाईत होते. कंदील लांब होता. झाकण लावलं, ठिपक्याला ठिपका लावला, तळवा जाळीवर ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं.

रेडिओ बोलला नाही.

खरखरसुद्धा नाही. आम्ही थांबलो. बातम्यांच्या वेळी बोलायचं नाही हा नियम अंगात मुरलेला होता, म्हणून कोणी बोललं नाही. मग मला कळलं की कान द्यायला काही नाही, म्हणून सगळे पाठ ताठ करून बसले आहेत. आणि बाबू त्या ताठ पाठींवरून एकेक करत नजर फिरवत आहेत.

"आज सेल कडक हायेत," बाबू म्हणाले. आणि मान डोलवू लागले.

मी अंजनामायकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा दिसलं. मग एकेकाच्या चेहऱ्यावर ते उजाडत गेलं. लाल ठिपके. लेखी द्या. काटकोनातला गुलाबराव. पूल. या माणसाला कित्येक वर्षांपासून काही ऐकू येत नव्हतं. ज्याचं एक अक्षर कानावर पडत नव्हतं तो रेडिओ तो रोज संध्याकाळी आमच्यासाठी लावत होता.

तिकडे नागपूरहून कापसाचा भाव सांगून होत असणार. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचं वर्ष त्या भावावर होतं. मला भीती गुलाबरावची होती. त्याच्या जिभेला हाड नाही. त्यानं एक वाक्य टाकलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि मग बाबूंना पुन्हा त्या ओट्यावर बसता आलं नसतं. गुलाबरावनं तोंड उघडलं. मिटलं. कोणी उठलं नाही.

बराच वेळ गेल्यावर बाबूंनी हात काढला. "मास्तर, फळा."

मी उठलो. खडू हातात घेतला. बाबू नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी, फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी कालचा वार पुसला, आजचा लिहिला. जमेल तेवढं सावकाश. मागे काय चाललंय ते मला डोळ्याच्या कडेनं दिसत होतं. गुलाबराव चवड्यांवर स्टुलाजवळ गेला होता. त्याला काही पावलं न वाजवण्याचं कारण नव्हतं, तरी तो चोरासारखा गेला. रेडिओची पाठ उघडली, चारही सेलवरून बोट फिरवलं. दुसरा सेल उलटा बसला होता. त्यानं तो काढला, आपल्या सदऱ्याच्या टोकानं पुसला, सुलटा घातला.

रेडिओ एकदम बोलू लागला. "...शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा." कापसाचा भाव त्यात होता. सगळा ओटा कंबरेतून पुढे वाकला. सेल नवे होते, तरी वाकला. मी ऐकत ऐकत लिहिलं, जसं ऐकलं तसं. बाबूंनी ओळीखाली बोट फिरवत भाव वाचला, वळून सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरा हाय. अजून जरा पायजे होता."

"जरा पायजेच होता, बाबू," गुलाबराव त्यांच्या समोर येऊन म्हणाला. एकेक शब्द मांडून.

वीज दोन दिवसांनी आली. गुलाबरावचा रेडिओ मात्र बातम्यांच्या वेळी लागेना. विचारलं तर म्हणायचा, "आवाज फाटला त्याचा. दुरुस्तीले टाकाचा हाय." सकाळी तोच रेडिओ गाणी म्हणायचा, ती चांगली ऐकू यायची. संध्याकाळी हॉटेल पोराच्या हवाली करून तो ओट्यावर, आणि त्याच्या मागे बाकीचे. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त माणसं बाबूंच्या समोर येऊन बोलू लागली. गावात पोरांचं 'लेखी द्या' ऐकू यायचं बंद झालं. अंजनामायनं दोघांचे कान पिळले होते असं म्हणतात.

आम्हाला वाटत होतं की आम्हाला कळलंय हे बाबूंना कळलेलं नाही. तेवढ्यावर आम्ही समाधानी होतो.

बाबूंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर सुमन ओट्यावर येऊन बसली. तिच्या मांडीवर तो रेडिओ होता. कव्हराचं चामडं जाळीच्या कडेला तळव्यानं घासून गुळगुळीत झालेलं.

"मास्तर," ती म्हणाली, "बाबाले ऐकू येत नव्हतं, तुमाले माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

"सायेब सांगे अन् बाबाले समजेना. कागद चुकू लागले. म्हनून नोकरी लवकर सोडली त्याईनं. मायले सांगितलं होतं, अन् मले. बाकी कोनाले सांगू नका म्हने."

"आम्ही कोणी त्यांना बोलून दाखवलं नाही," मी म्हणालो.

"तेच तर." तिनं रेडिओवर तळवा ठेवला. "कापसाच्या भावाच्या दिवशीचं मले सांगितलं बाबानं. रिठदले आले होते तवा. म्हने, सुमे, रेडिओ लावला अन् हाताले काई लागेना. बोलत असला का कापड थरथरते, त्या दिवशी कापड थंड. मले समजलं, बंद हाय. अन् समोर सारं गाव बसून हाय."

"मग सांगितलं का नाही? आम्ही सेल नीट केले असते."

"मी बी तेच म्हनलं. तर म्हने, कसा सांगू? सांगतलं का रेडिओ बंद हाय, तर मानसं उठून जातीन. मंग म्हनलं, पाहू. असंच बसून पाहू, कोन कोन उठून जाते."

तिनं रेडिओचं कव्हर नीट बसवलं.

"म्हने, कोनीच नाई गेलं."

जाताना तिनं रेडिओ रिठदला नेला नाही. स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, राहू द्या.

ओटा आहे. फळा आहे, दिवाळीआधी तो काळा करायचं काम गुलाबरावनं घेतलं आहे. रेडिओ संध्याकाळी मी लावतो. आवाज खाली गेला की आम्हाला ऐकूनच कळतं, पण कोणी वाकेपर्यंत आम्ही सेल काढत नाही.